मायचं सिम काढून ठेवू नका

गेल्या ऑक्टोबरात माझी माय नागपूरहून दोहा आणि तिथून फ्रँकफर्ट अशी एकटी गेली. बहिणीचं बाळंतपण होतं. आयुष्यात पहिल्यांदा विमान. डिंकाचे लाडू, मसाला, बाळाची दुपटी, सगळं आठवणीनं बांधलं. मोबाइलचा विचार मात्र आदल्या रात्री केला.

'रोमिंगचं बिल हजारोंनी येते, इथलं सिम काढूनच ठेवा,' असं चार जणांनी सांगितलं. मी सिम काढून मायच्या बटव्यात ठेवलं. 'हरपन ना रे माह्या हातून,' ती म्हणाली.

दोह्यात पाच तास थांबायचं होतं. तिथलं फुकटचं वायफाय तिला जोडता आलं नाही. पाच तास इकडे मी आणि तिकडे बहीण फोनकडे बघत बसलो. शेवटी एका मल्याळी नर्सनं आपल्या फोनवरून बहिणीशी तिचं बोलणं करून दिलं. त्या बाईचे उपकार आम्ही विसरणार नाही.

खरा फटका नोव्हेंबरात बसला. बाबा गेल्यापासून सातबारा मायच्या नावावर आहे. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८११० रुपये हमीभाव होता, पण सरकारी खरेदीसाठी मोबाइलवर नोंदणी करायची आणि ओटीपी येणार मायच्या नंबरवर. तो नंबर जर्मनीत, बटव्यात. सिम परत फोनमध्ये घातलं तर नेटवर्क येईना, कारण निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरूच केलं नव्हतं. २८ दिवसांचा रिचार्जही संपलेला. मी इथून रिचार्ज मारला, कस्टमर केअरच्या मागे लागलो, यात पाच दिवस गेले. मजुरांचे पैसे द्यायचे होते. दहा क्विंटल कापूस हमीभावापेक्षा कमी दरानं व्यापाऱ्याला द्यावा लागला.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. घरचं वडीलधारं माणूस परदेशात पाठवताना आधी त्याचा इथला नंबर चालू राहील हे बघा, एक जीबी कितीला पडतो ते नंतर. बँक, आधार, पीक विमा, यूपीआय, सगळं त्या एका नंबरला बांधलेलं आहे.

सिम फोनमध्येच ठेवा, निघण्याआधी रोमिंग सुरू करून घ्या आणि रोमिंगचा पॅक नसेल तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन त्या सिमचा 'डेटा रोमिंग', म्हणजे परदेशात त्या सिमवर चालणारं इंटरनेट, तेवढा बंद ठेवा. मोठं बिल येतं ते या डेटामुळं. परदेशात आलेल्या एसएमएसला साधारणपणे पैसे लागत नाहीत, म्हणजे ओटीपी येत राहतो. पॅक नसताना आलेला फोन उचलला तर मात्र पैसे कटतात, तेव्हा नातेवाइकांना व्हॉट्सॲपवरच बोलायला सांगा. आणि मुक्काम लांबला तर रिचार्ज इथून कुणीतरी तारखेवर मारत राहा. युरोपचा पाहुण्यांचा व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा असतो, म्हणजे २८ दिवसांचा रिचार्ज तीनदा संपतो.

प्रवासाच्या दिवसांसाठी मी आपल्याच कंपनीचा रोमिंग पॅक घ्या म्हणेन, महाग पडला तरी. पॅक आहे तेवढे दिवस 'डेटा रोमिंग' घरूनच चालू करून द्या, मग विमानातून उतरून फोन चालू केला की नेट सुरू, मायला काही करावं लागत नाही. फक्त मधल्या थांब्याचा देश त्या पॅकमध्ये आहे का ते तपासा. नुसता जर्मनीचा पॅक दोह्यात चालत नाही. विमानात फ्लाइट मोड लावायला शिकवा. काही विमानांत वेगळं नेटवर्क असतं आणि त्याचे दरही वेगळे असतात.

ईसिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच टाकायचं सिम, स्वस्त पडतं, तरुणांनी जरूर घ्यावं. पण सत्तरीच्या माणसाला 'क्यूआर स्कॅन कर' म्हणून विमानतळावर सोडून देणं मला पटत नाही. ते टाकायलाच आधी इंटरनेट लागतं, म्हणून घरूनच टाकून द्यावं. चुकून डिलीट झालं तर तोच क्यूआर बहुतेक वेळा पुन्हा चालत नाही. प्रवासाची बरीचशी ईसिम नुसती डेटाची असतात, साधा फोन लावता येत नाही. आणि आपल्याकडच्या स्वस्तातल्या बऱ्याच फोनमध्ये ही सोयच नसते. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबा. ईआयडी नावाचा लांब आकडा दिसला तर ती सोय आहे.

मुक्काम मोठा असेल तर दुसऱ्या खाचेत तिथलं सिम घाला. जर्मनीत २०१७ पासून प्रीपेड सिमला ओळख पटवावी लागते, तेव्हा पासपोर्ट जवळ ठेवा. युरोपियन युनियनच्या एका देशातलं सिम बाकीच्या देशांतही त्याच दरात चालतं, हा नियम १५ जून २०१७ पासून आहे. स्वित्झर्लंड मात्र त्यात नाही. नवं सिम घातल्यावर व्हॉट्सॲप 'नंबर बदलायचा का' विचारतं, तिथं नाही म्हणा. दुबईकडे जाणाऱ्यांनी हेही लक्षात घ्या की तिथल्या सिमवर व्हॉट्सॲपचा कॉल लागत नाही.

शेजारच्या काकू पुढच्या आठवड्यात लेकीकडे चालल्या आहेत. काल त्यांच्या ओसरीवर बसून रोमिंग सुरू करून दिलं, डेटा रोमिंगचं बटण चारदा त्यांच्याच हातानं दाबून घेतलं, आणि लेकीचा नंबर देशाच्या कोडसकट मोठ्या अक्षरात कागदावर लिहून पर्समध्ये ठेवायला दिला. आपल्या भागातून आणखी कुणाचे आईबाबा जाणार असतील तर फोनचं मॉडेल आणि विमान कुठं-कुठं थांबतं ते मला कळवा. मी बसून सगळं बघून देतो.