कितीला पडलं?

गाण्याचा छोटा प्लेअर घ्यायचा असेल तर सगळ्यात आधी त्याच्या किमती ठरवा. हो, किमती. एक दुकानदाराला द्यायची. ती त्यानं ठरवलेली असते, तिच्यावर आपला इलाज नाही. बाकीच्या दोन आपल्या हातात असतात, एक घरात सांगायची आणि एक ऑफिसात. आपल्या मराठवाड्यात कुणाच्या हातात नवी वस्तू दिसली की ती काय आहे हे कुणी विचारत नाही, ‘कितीला पडलं?’ विचारतात. उत्तर देताना तुम्ही जरा अडखळलात की समोरचा ‘हितं स्टँडवर दीडशेनं कमी हाय’ म्हणून मोकळा. आणि समोर साडू असला तर त्यानं तीच वस्तू पुण्याहून निम्म्यात आणलेली असते.

मी घेतला तो नऊ हजारांचा. घरात दोनशे सांगितले, ऑफिसात पंधरा हजार. वस्तू तीच, काडेपेटीएवढी. परभणीच्या स्टँडबाहेर हातगाडीवर असल्याच डब्या दोनशेला मिळतात, त्यामुळं घरात कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. आणि ऑफिसात ती हातगाडी कुणी बघितलेली असली तरी तसं कबूल कोण करणार? प्लेअर आकारानं लहानच घ्यावा असं मी सांगतो ते एवढ्यासाठी. फ्रिजला हे जमत नाही.

किमती पक्क्या झाल्या की अभ्यासाला बसा. गाणी ऐकायची घाई करू नका, गाणी कुठं पळून जात नाहीत. मी चार महिने रोज रात्री जेवणं उरकली की दोन दोन तास मोबाइलवर तुलना वाचत होतो. (मोबाइलवर गाणी वाजतात हे मलाही ठाऊक आहे. अभ्यास करणाऱ्यानं तो विचार मनाला शिवू देऊ नये, हातपाय गळतात.)

मूळ वाद असा की पडद्याचा घ्यावा का बिनपडद्याचा. ॲपलनं २००१ मध्ये पहिला आयपॉड काढला तेव्हा खिशात हजार गाणी मावतात एवढ्यावरच लोक खूश होते. मग जानेवारी २००५ मध्ये आयपॉड शफल आला. वजन २२ ग्रॅम, आत ५१२ एमबी नाहीतर १ जीबी जागा, आणि पडदाच नाही. चिठ्ठ्या टाकल्यासारखी कुठल्याही क्रमानं गाणी लावायची सोय, त्यामुळं कुठलं गाणं लागलंय ते वाजल्यावर कळणार. त्याच वर्षी सप्टेंबरात नॅनो आला, त्याला रंगीत पडदा. झालं, दोन तट पडले. पडदा नसणं ही उणीव. पण आयुष्य तरी कुठं ठरल्याप्रमाणं चालतं, अशा थाटात कंपनीनं तीच जाहिरातीत मिरवली. मृग कोरडा जातो, पोळ्याला पाऊस उघडत नाही आणि सोयाबीन कापून गंजी लावली की परतीचा कोसळतो, हे ज्यांनी दर साल बघितलंय त्यांनी पडदा असलेलाच घ्यावा. तेवढं तरी आधी कळू द्या.

शफलवाल्यांची तक्रार मात्र भलतीच होती. एकाच गायकाची तीन गाणी लागोपाठ वाजली की लोकांना वशिल्याचा वास यायचा. चिठ्ठ्या टाकून काढल्या की असं अधूनमधून होणारच, पण ऐकतो कोण? अखेर २००५ मध्येच कंपनीनं आयट्यून्समध्ये, म्हणजे आयपॉडात गाणी भरायच्या आपल्या प्रोग्रॅममध्ये, एक सोय दिली. त्या सोयीनं एका गायकाची गाणी लांब लांब पडू लागली. सोडत आहे असं वाटावं म्हणून सोडतीत हात घातला, आणि लोकांचं समाधान झालं. सरपंचपदाच्या आरक्षणाला तहसीलला जाऊन बसलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता दोन्हींतला कोणता घ्यावा? अजून थोडा अभ्यास करा असं मी म्हणेन. शफल आणि नॅनो दोन्ही २७ जुलै २०१७ ला बंद झाले. मागं उरलेला आयपॉड टच मे २०२२ मध्ये गेला. पण वस्तू बाजारातून गेली म्हणून वाद सोडायचा नसतो. निजाम जाऊन पंचाहत्तर वर्षं उलटली, तरी आमच्या गावच्या पारावर त्याच्या कारभाराची आजच्या झेडपीशी तुलना रोज चालते, आणि अजून निकाल लागलेला नाही.

माहितीपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. आयपॉडच्या माहितीत वापरण्याचं तापमान दिलेलं असायचं: ० ते ३५ अंश सेल्सिअस. उन्हाळ्यात परभणीत बसून हे वाचून बघा. इथं एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर जाऊन बसतो, म्हणजे भर दुपारी गाणं ऐकणं हा कंपनीच्या लेखी गुन्हाच. त्याच पानावर समुद्रसपाटीपासून ३,००० मीटर उंचीपर्यंत यंत्र चालेल अशी हमी. अजिंठ्याच्या रांगेत चढा नाहीतर बालाघाटावर, त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. जिथं आपण कधी जाणार नाही तिथली जोखीम पत्करायची आणि जिथं आपण बसलोय तिथली टाळायची, ही पीकविम्याची अट इतक्या लांब कशी पोचली कोण जाणे.

आवाजाच्या दर्जावर बोलताना आपला आवाज खाली आणावा आणि ‘तुमच्या लक्षात येणार नाही, पण’ अशी सुरुवात करावी. एमपीथ्रीची युक्ती तशी सोपी आहे. मोठ्या आवाजाखाली जे बारीक आवाज कानाला तसेही ऐकू येत नाहीत ते फाइलीतून काढून टाकायचे. गोंधळात संबळ कडाडला की तुणतुणं कुठं जातं? तसंच. म्हणून १२८ केबीपीएसचं (म्हणजे सेकंदाला १२८ हजार बिट माहितीचं, यालाच बिटरेट म्हणतात) गाणं मिनिटाला जेमतेम एक एमबी जागा खातं आणि ३२० चं अडीचच्या आसपास. पण मी असलं कापलेलं गाणं ऐकत नाही. माझा प्लेअर हाय-रेझ, म्हणजे सीडीहूनही बारीक मापाचा, २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ. साध्या सीडीचं माप १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ. त्यात सुमारे २२,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज बसतो, आणि धडधाकट माणसाचा कान २०,००० ला थकतो. चाळिशीनंतर त्याच्याही बराच अलीकडं. माझ्या यंत्रात ९६,००० पर्यंतचा बसतो. वरचा जो भाग आहे तो वटवाघळांसाठी. घरात त्यांचीही सोय असावी.

हा दर्जा मी परभणी-जिंतूर एसटीत तपासला. इंजिनाजवळचं सीट मिळालं. खिडकीची काच पट्टीत बसलेली नव्हती, तिच्या फटीत कुणीतरी तिकिटाची घडी खोचून ठेवलेली. खड्डा आला की घडी खाली आणि काच गाऊ लागायची. मी डोळे मिटून तानपुऱ्याची तार वेगळी ऐकू येते का बघत होतो. तार येत होती, पण ती काचेचीही असेल. तेवढ्यात शेजारच्या आजोबांनी ढोसलं.

“मशीन हाय का कानाची?”

“नाही हो, गाणी ऐकायचं आहे.”

“आमच्या थोरल्याला बी ऐकू येईना गेलंय. कितीला पडलं?”

मी गडबडलो. अनोळखी माणसाला सांगायची किंमत ठरवायची राहून गेली होती. तुम्ही ती चूक करू नका.

ज्यांना ऑफिसात याच्याही वर जायचंय त्यांच्यासाठी सोनीनं २०१६ मध्ये एक वॉकमन काढला होता. तांब्याचा सांगाडा, वर सोन्याचा मुलामा, किंमत ३,२०० डॉलरच्या घरात आणि वजन सुमारे ४५५ ग्रॅम. म्हणजे शफलसारखे वीस एका खिशात. लेंग्याच्या नाडीवर पूर्ण भरवसा असल्याशिवाय याच्या वाटेला जाऊ नका. ‘सोनं घेतोय’ असं सांगून घरातून पैसे काढता येतील, पण मुलामा आहे हे कळेल त्या संध्याकाळी कुठं झोपायचं तेही बघून ठेवा.

मायक्रोसॉफ्टचा झून नावाचा प्लेअर कुणी जुन्या बाजारात देऊ केला तर एवढंच ध्यानात ठेवा: ३१ डिसेंबर २००८ ला त्यातली ३० जीबीची यंत्रं एकदम गप्प झाली. लीप वर्षाचा ३६६ वा दिवस आतल्या घड्याळाला मोजता येईना. दुसऱ्या दिवशी बॅटरी उतरवून सुरू केली की ठीक. एका जादा दिवसाला एवढं? आपण तिसऱ्या वर्षी अख्खा धोंड्याचा महिना काढतो, जावयासकट.

एफएमसाठी दोन पैसेही जास्त देऊ नका. या डब्यांत इयरफोनची वायर हीच अँटेना असते; बिनवायरचे लावले की खरखर. शिवाय ज्या मीडियम वेव्हवर परभणी केंद्र ऐकत आम्ही मोठे झालो ती यांना धरताच येत नाही.

खरी परीक्षा गाणी भरताना होते. स्टँडजवळ गाणी भरून देणाऱ्या पोरानं मला ‘साहेब, १२८ जीबीचं कार्ड, फक्त तीनशे’ म्हणून दिलं. नऊ हजारांच्या यंत्रात तीनशेचं कार्ड घालू नये हे मला चार महिन्यांच्या वाचनात कुणी सांगितलं नव्हतं. कार्ड निघालं आठ जीबीचं. असल्या कार्डाची लबाडी अशी की ते नाही म्हणत नाही. कितीही भरा, यादीत सगळी नावं दिसतात. वाजवायला गेलं की पहिली वाजतात आणि पुढं नुसती शांतता. पोराला जाऊन विचारलं तर म्हणाला, “नावं तर समदी दिसायलेत ना साहेब?”

पुढचं आईच्या बाबतीत घडलं. तिच्यासाठी मी खरोखरच दोनशेचा, हातगाडीवरचा घेतला आणि त्यात हरिपाठ भरला. २७ अभंग, २७ फाइली, नावं नीट १ ते २७. संध्याकाळी तिच्या कानाला लावून दिला आणि कौतुकाची वाट बघत उभा राहिलो. पहिला अभंग संपला आणि तिनं कानातून काढला.

“दुसरा कुठं गेला?”

यंत्राच्या हिशेबात १ नंतर १० येतो, मग ११, असं १९ पर्यंत, आणि मग २. नावं ०१, ०२ अशी द्यायला हवी होती. मी ती रात्रीत बदलली, तरी क्रम बदलेना; कारण असली स्वस्त यंत्रं बऱ्याचदा नाव बघतच नाहीत, फाइल कार्डावर ज्या क्रमानं उतरली त्या क्रमानं वाजवतात. शेवटी कार्ड पुसून एकेक अभंग हातानं ओळीत चढवला. बिटरेट, हाय-रेझ असं मी तिला बरंच काही समजावलं होतं. तिनं एकच विचारलं, “माउलीनं लिहिलेला क्रम ह्याला माहीत नाही व्हय?” आता तिचं बिनतक्रार चालू आहे. कितीला पडलं हे तिनं अजून विचारलेलं नाही.

माझ्या नऊ हजारांच्या प्लेअरचं काय झालं तेही सांगतो, तुम्हाला निवड करायला बरं पडेल.

भाद्रपदात धाकटा भाऊ गावाकडून आला. जिंतूरकडच्या आमच्या रानात सोयाबीन शेंगेला आलेलं, आणि रात्री डुकरं आणि रोही घुसून नासाडी करत होते. त्याला भोंग्याला जोडून रात्रभर कुत्र्याचा आवाज वाजवायला एखादी डबी हवी होती. टेबलावरची माझी त्याला दिसली. बायको म्हणाली, “न्या की भावजी, दोनशेचं तर हाय.” मी तेव्हा ऑफिसात पंधरा हजार सांगत होतो.

पुढच्या रविवारी रानात गेलो. पिशवीत गुंडाळलेला प्लेअर बाभळीला टांगलेला, खाली ट्रॅक्टरची जुनी बॅटरी, वर भोंगा. अंधार पडला तसं भावानं बटन दाबलं आणि कुत्रं भुंकायला लागलं. काय सांगू, चार महिने जी तानपुऱ्याची तार शोधत होतो ती स्पष्टता आत्ता ऐकू आली. भुंकण्याआधीचा घशातला गुरगुराट वेगळा, श्वास वेगळा; कुत्रं जेवलेलं आहे की उपाशी हेसुद्धा ओळखता यावं. लांबच्या वस्तीवरची खरी कुत्री त्याला उत्तर द्यायला लागली.

“दादा, लई क्लियर हाय,” भाऊ म्हणाला. “आठ दिस झाले, एक डुकर फिरकलं नाही. पहिलं होतं ते नुसतं खरखरायचं.”

मी मान डोलावली. त्यानं खिशातून दोनशेची नोट काढून माझ्या हातात कोंबली.

“अजून एक आन. वरच्या धुऱ्याला लावायचंय. पर जरा घासाघीस कर, स्टँडवर दीडशेला देतेत म्हनं.”