पूर्ण नंबर कशाला हवा?

मध्यंतरी एका मंगळवारी सकाळी ग्वाल्हेरच्या बाड्यावरून, म्हणजे शहरातल्या मोठ्या चौकातून, बेडई (डाळ भरलेली पुरी) आणली. घरी पुडी सोडली, तर तेलाने पारदर्शक झालेल्या कागदातून एक चेहरा दिसला. आधार कार्डाची फोटोकॉपी होती. बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, शिंदे की छावणीतला पत्ता, जन्मतारीख आणि बाराही आकडे, सगळं स्वच्छ वाचता येत होतं. उजव्या बाजूला वरपासून खालपर्यंत एक बारीक काळी रेघ. ती रेघ मी ओळखतो. ड्रमवर ओरखडा पडला की प्रत्येक कॉपीवर तशी रेघ येते, आणि दिवाळीच्या सुमारास माझ्याच मशीनवर ती येत होती.

म्हणजे तो कागद माझ्या दुकानातून गेलेला. रेघ आली म्हणून मी ती कॉपी बाजूला टाकली असणार, ड्रम बदलून दुसरी काढून दिली असणार, आणि टाकलेली रद्दीत गेली. रद्दी आपण किलोवर विकतो. पुढे ती कुठे जाते, हे कोण विचारतं?

बेडई तशीच राहिली. हिने विचारलं काय झालं, तर सांगताही येईना.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात माझं फोटोकॉपीचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. (पुण्या-मुंबईच्या मित्रांसाठी: तुम्ही ज्याला झेरॉक्स म्हणता, त्याला आम्ही फोटोकॉपी म्हणतो.) एकवीस वर्षं झाली. अख्ख्या मोहल्ल्याचे कागद माझ्या काचेवरून गेलेत. त्या दिवशी शटर वर केलं, पण मशीन चालू करण्याआधी कॉम्प्युटरमधला डाउनलोडचा फोल्डर उघडला. लोक व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवतात, ‘भैया, दो कॉपी’ म्हणतात, प्रिंट घेऊन जातात. फाइल तिथेच राहते. सहाशेच्या वर फायली निघाल्या. कुणाचं आधार, कुणाचं पॅन, पासबुकाचं पहिलं पान, दहावीची मार्कशीट, समग्र आयडीची (मध्य प्रदेश सरकारच्या ओळख नंबराची) पर्ची, पांढऱ्या कागदावर केलेली सही. एकेका माणसाचं सगळं एका जागी. आधारची पीडीएफ पासवर्डने उघडते, पण तो पासवर्डही त्याखालच्याच मेसेजमध्ये. आणि नसता पाठवला तरी काय? नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल, एवढाच तर तो असतो.

माझ्याकडे कामाला मुलं येतात, सहा महिन्यांनी जातात. चांगली होती सगळी. पण तो कॉम्प्युटर त्यांच्यासमोर दिवसभर उघडा होता, आणि त्यांच्यातल्या एकालाही मी कधी सांगितलं नव्हतं की बाबा रे, ही दुसऱ्याची तिजोरी आहे.

हे लिहायला बसलो त्याचं खरं कारण मात्र आत्या आहे.

आत्या माधवगंजात राहते. शाळेतून रिटायर झाली, पेन्शन आहे. गेल्या वर्षी पावसाळ्याआधी गच्चीची दुरुस्ती करायची म्हणून तिने पेन्शनच्याच बँकेत थोडं कर्ज मागितलं. बँकेने नाही म्हटलं. कारण विचारलं तर म्हणे, तुमच्या नावावर आधीची दोन कर्जं थकली आहेत. आत्याने आयुष्यात एकदाच कर्ज घेतलं होतं, काकांच्या स्कूटरसाठी, आणि ते मुदतीच्या आधी फेडलं होतं.

ती दुकानात आली ती दुपारी, गर्दी नसताना. पिशवीतून चार घड्या घातलेला कागद काढला आणि काउंटरवर ठेवला. वर हात तसाच ठेवून म्हणाली, “अरे, कोणाला सांगू नकोस. मीच काही चुकून दाबलं असेल का रे मोबाइलवर?”

मला आजही तो हात दिसतो. चोरी तिच्याकडे झाली होती आणि लाजही तिलाच वाटत होती.

कागदावर ११,५०० आणि ७,००० अशी दोन छोटी कर्जं होती, मोबाइलवरून मिनिटांत मिळतात तसली. नाव तिचं, पॅन तिचं, जन्मतारीख तिची. पत्ता अशा शहराचा की जिथे ती कधी गेली नाही, आणि फोन नंबर भलत्याचाच. ज्यांनी पैसे दिले त्यांनी तिचा चेहरा पाहिला नाही की आवाज ऐकला नाही. तीन गोष्टी जुळल्या, पैसे सुटले. कागद कुठून फुटला, ते कधीच कळलं नाही. गॅसचं काम, विमा, सिमकार्ड, नातीच्या शाळेचा फॉर्म, कुठे कुठे दिला म्हणून आठवायचा? माझ्या दुकानातून फुटला असेल का, हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला नाही. बेडईचा कागद पाहिल्यावर विचारला.

तक्रार केली. सायबर पोर्टलवर केली आणि क्रेडिट ब्युरोकडेही केली, म्हणजे कोणी किती कर्ज घेतलं, फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडे. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा, कारण आम्हाला ठाऊक नव्हतं: देशात असे चार ब्युरो आहेत, आणि २०१७ पासून प्रत्येकाने वर्षातून एकदा तुमचा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. चारही बघावे लागतात, कारण एकात दिसलेलं दुसऱ्यात दिसेलच असं नाही. तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या दर दिवसाला शंभर रुपये भरपाई, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. आत्याच्या प्रकरणाला बावन्न दिवस लागले. वरच्या बावीस दिवसांचे २,२०० रुपये मिळाले, पण मी तीन ईमेल लिहिल्यावर. न लिहिणाऱ्याला मिळाले असते का? कर्जं नावावरून उतरली. गच्ची मात्र त्या पावसाळ्यात गळलीच.

त्या दिवसांत जो तो आत्यालाच सांगत होता, “सांभाळून राहायचं होतं.” शेजारी म्हणाले, बँकेतला माणूस म्हणाला, सुरुवातीला मीसुद्धा म्हणालो. आता मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते नीट सांगतो.

पॅन ही लपवून ठेवायची गोष्ट कधी नव्हतीच. दहा अक्षरांतलं चौथं अक्षर व्यक्तीसाठी ‘पी’ असतं, पाचवं आडनावाचं पहिलं अक्षर. माझ्या दुकानाचं बिल काढून बघा. वर जीएसटी नंबर छापलाय, पंधरा अक्षरांचा. पहिले दोन आकडे २३, म्हणजे मध्य प्रदेश. त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे माझं पॅन. कायद्याने मी ते प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातात देतो. देशातल्या लाखो दुकानदारांचं पॅन असं बिलाबिलावर फिरतंय. मग जो कोणी नुसतं पॅन आणि जन्मतारीख जुळली म्हणून कर्ज देतो, तो काय तपासतो? घराच्या दारावरची पाटी वाचली आणि त्यालाच किल्ली समजला! नंबर हे नाव आहे. नावाला कुलूप मानून ज्याने पैसे वाटले, चूक त्याची आहे, आणि भोग आत्याच्या वाट्याला आला.

आधारचंही तेच. २०१० साली नंदुरबारच्या टेंभली गावात पहिलं आधार दिलं गेलं, तेव्हापासून रचना अशी आहे की नंबर एकटा काही सिद्ध करत नाही. ओटीपी, बोट, डोळा किंवा कार्डावरचा क्यूआर कोड, यातल्या कशाने तरी पडताळायचं असतं. त्या क्यूआरमध्ये डिजिटल सही असते. अ‍ॅपने स्कॅन केला की कार्ड खरं की बनावट ते लगेच कळतं. एकवीस वर्षांच्या दुकानदारीत माझ्यासमोर एकानेही तो कोड स्कॅन केलेला नाही. सगळ्यांना फोटोकॉपी हवी. फाइलला लावायला.

आपल्या भाषेत यासाठी फार जुना शब्द आहे: तोतया. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून एक जण उभा राहिला, लोक त्याच्यामागे गेले, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले. शेवटी १७७६ साली महादजी शिंद्यांनी त्याचा मोड केला. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत ही गोष्ट आजी-आजोबांकडून ऐकलेली असते. पण त्या तोतयाला भाऊसाहेबांसारखं दिसावं लागलं, बोलावं लागलं. त्यांना पाहिलेल्या माणसांसमोर उभं राहावं लागलं, आणि तिथेच तो उघडा पडला. आत्याच्या तोतयाला कोणासमोर उभंच राहावं लागलं नाही. कायद्यात याला शिक्षा आहे, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-सी, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. पण शिक्षा व्हायला आधी चोर सापडायला हवा.

मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने पत्रक काढलं होतं की आधारची फोटोकॉपी कुठल्याही संस्थेला देऊ नका, त्याऐवजी मास्क्ड आधार द्या. दुकानात दोन दिवस त्याचीच चर्चा. दोन दिवसांनी पत्रक मागे घेतलं; गैरसमज होऊ शकतो म्हणाले, नेहमीची सावधगिरी बाळगा म्हणाले. मला त्या दुसऱ्या पत्रकाचा आजही राग येतो. नेहमीची सावधगिरी म्हणजे काय, हे शाळेच्या खिडकीत उभ्या असलेल्या बापाने कसं ठरवायचं? खिडकीच्या आतला माणूस त्याच्याहून मोठा असतो.

मास्क्ड आधारमध्ये पहिले आठ आकडे झाकलेले असतात, फक्त शेवटचे चार दिसतात. प्राधिकरणाच्याच साइटवरून निघतं, डाउनलोड करताना एका चौकटीत टिक करायची, फुकट. मी आता दुकानात तेच काढून देतो. महिन्याभरात नऊ जण परत आले. एका शाळेने परत पाठवलं, एका भाड्याच्या दलालाने पाठवलं, एका जिमनेसुद्धा: “पूरा नंबर दिखना चाहिए.” जिमला कशाला हवा पूर्ण नंबर? शाळेचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालातच सांगितलंय की शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येत नाही. मी एका वडिलांबरोबर त्या खिडकीपर्यंत गेलो आणि हे बोललो. आतल्या बाईंनी आधी आवाज चढवला, मग फाइल ठेवून घेतली. मास्क्डच. म्हणजे चालत होतं, पण तोवर कोणी विचारलंच नव्हतं.

आपली मराठी माणसं इथे फार भिडस्त आहेत. चार पिढ्या ग्वाल्हेरात काढल्या, सरळमार्गी म्हणून नाव कमावलं, म्हणून कागद मागितला की मुकाट काढून देतो. ‘कशाला हवा?’ असं विचारणं आपल्याला उद्धटपणा वाटतो. मला आता तसं वाटत नाही. मागणाऱ्याने कारण सांगावं, किती दिवस ठेवणार ते सांगावं. नंतर फाडणार की गोण्यांत भरून विकणार, तेही सांगावं.

दुकानात मी जे बदललं ते सांगतो, कारण माझ्यासारखी दुकानं गल्लोगल्ली आहेत. खराब कॉपी आता रद्दीत जात नाही. कापायचं मशीन घेतलं, गिऱ्हाइकासमोरच तिचे तुकडे होतात. रात्री शटर ओढण्याआधी डाउनलोड, रिसायकल बिन आणि व्हॉट्सअ‍ॅप, तिन्ही रिकामं करतो. हे शेवटचं लोक विसरतात. फोल्डर पुसला तरी चॅटमध्ये फाइल तशीच असते. काउंटरवर पेन बांधून ठेवलंय. कॉपी द्यायचीच असेल तर तिच्यावर आडवं लिहायचं, कशासाठी, कोणाला, तारीख आणि सही. अक्षरं फोटोवरून आणि नंबरावरून गेली पाहिजेत, कोपऱ्यात लिहून उपयोग नाही, कोपरा कापता येतो.

आणि बोटाचं कुलूप लावा. आधारला जोडलेल्या खात्यातून पिन-ओटीपीशिवाय, आधार नंबर आणि अंगठ्यावर पैसे निघतात, आणि जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून त्यांची नकल करून खाती साफ केल्याचे प्रकार देशात झालेत. आधार प्राधिकरणाच्या अ‍ॅपमध्ये बायोमेट्रिक लॉक आहे. रेशनला किंवा सिमला लागलं तर थोड्या वेळासाठी उघडता येतं. त्याच अ‍ॅपमध्ये तुमचं आधार गेल्या सहा महिन्यांत कुठे कुठे वापरलं गेलं तेही दिसतं.

माझ्या हिचं संचार साथीवर, म्हणजे सरकारच्या दूरसंचार खात्याच्या पोर्टलवर, पाहिलं. तिच्या नावावर किती मोबाइल नंबर आहेत, ते तिथे ओटीपी टाकला की दिसतं. तिच्याकडे एक सिम आहे. पडद्यावर तीन आले. दोन नंबरांवर ‘माझा नाही’ दाबलं, ते नंतर बंद झाले. ते कोण वापरत होतं, त्यावरून कोणाला काय फोन गेले असतील, या विचाराने ती दोन रात्री झोपली नाही.

पुढचे चार रविवार मी सकाळी नऊ ते अकरा दुकान उघडं ठेवतोय, फक्त यासाठी. आधारला जोडलेला मोबाइल सोबत आणा, ओटीपी त्यावरच येतो. सिम बघू, बोटाचं कुलूप लावू, मास्क्ड काढू, क्रेडिट रिपोर्ट कसा मागवायचा ते दाखवतो. ओटीपी तुम्ही स्वतः टाकायचा, मला सांगायचा नाही. पैसे घेणार नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधी घेऊन या. गर्दी झाली तर बसायला आत्या खुर्च्या आणणार आहे, आणि तिच्या बाबतीत काय झालं ते ती स्वतः सांगणार आहे. कोणाला सांगू नकोस म्हणणारी आत्या काल मला म्हणाली, “माझं नाव घालून लिही रे.” नाव मी घातलं नाही. पण रविवारी ती तिथे असेल.

त्या बेडईच्या कागदावरच्या बाई सापडल्या. पत्ता होताच. तो कागद मी त्यांच्या हातात दिला आणि कुठून आला ते खरं खरं सांगितलं. त्यांनी दारातच उभ्या राहून त्याचे तुकडे केले, मग आत जाऊन पाणी घेऊन आल्या.