वृंदगानात श्वास वाटून घ्यावा लागतो

वर्षानुवर्षं वृंदगानात गाण्याचा आनंद शब्दांत सांगता येत नाही, असं एका लेखात म्हटलंय. बराचसा येतो. लांब सुरावर शेजारच्या दोघांनी वेगवेगळ्या जागी हळूच श्वास घेतला की ओळ कुठेही तुटत नाही. एकट्या गळ्याला हे सुख नाही. त्यासाठी श्वासाच्या जागा वहीत पेन्सिलीने आधीच वाटून घ्याव्यात.

स्त्री-पुरुष एकत्र असले की पट्टीवर, म्हणजे पेटीची कोणती पट्टी सा धरायची यावर अडतं. काळी एक बायकांना खाली पडते, काळी पाच पुरुषांना चढते. पांढरी चारच्या आसपास धरा, तार सप्तकातल्या, म्हणजे वरच्या सुरांच्या ओळी बायकांना द्या, ध्रुवपदाला सगळे या. अवरोहात, म्हणजे वरून खाली येताना, सूर जागेपेक्षा थोडा खाली घसरतो, कारण दम संपत आलेला असतो. पेटी झाकते ते. म्हणून तालमीत थोडा वेळ नुसत्या तानपुऱ्यावर गा. माधव संगीत महाविद्यालय १९१८ पासून असलेल्या आपल्या ग्वाल्हेरात तानपुरा लावून देणारं कुणी ना कुणी भेटतंच, मोबाइलवर भागवू नका. इथल्या डिसेंबरच्या थंडीत पंधरा मिनिटं खर्ज भरल्याशिवाय, म्हणजे खालचे सूर लांब धरल्याशिवाय, तार षड्जाला (वरच्या सा ला) जाऊ नये. आणि सुराला पक्के असलेले दोघे मागच्या रांगेत उभे करा, पुढचे त्यांच्या आवाजाला आपोआप लागतात.