सुई टोचल्यावर ‘रक्त पिळून काढा’: एका सल्ल्याचा प्रतिवाद

रुग्णालयातील कर्मचाऱ्यांमध्ये एक संदेश मोठ्या प्रमाणावर फिरत आहे : ‘वापरलेली सुई टोचली, तर रक्त पिळून काढा आणि स्पिरिट लावा, हातात मोजे असतील आणि रुग्णाचा एचआयव्ही अहवाल निगेटिव्ह असेल, तर पुढे काही करायला नको. सुई टोचते ती निष्काळजी माणसालाच.’ यातले एकही विधान टिकत नाही.

जखम पिळल्याने संसर्ग टळतो, याला पुरावा नाही. उलट तिथल्या ऊतींना इजा होते. जखम धुण्यासाठी साबण आणि वाहते पाणी पुरेसे असते.

हातमोज्यांमुळे सुईच्या बाहेरचे काही रक्त पुसले जाते, हे खरे. परंतु इंजेक्शनची सुई पोकळ असते आणि तिच्या आतले रक्त मोजा पुसू शकत नाही.

सर्वांत घातक विधान एचआयव्ही अहवालाचे आहे. संसर्गाच्या सुरुवातीच्या काळात चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, हा एक भाग झाला. पण त्या त्या विषाणूने बाधित रुग्णाची सुई टोचल्यास एचआयव्हीची शक्यता सुमारे ०.३ टक्के असते, तर लस न घेतलेल्या व्यक्तीला हिपॅटायटिस बी हा यकृताचा विषाणूजन्य आजार होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के असते, आणि त्या एका अहवालात हिपॅटायटिस बी किंवा सी यांचा शोधच घेतलेला नसतो. हिपॅटायटिस बी टाळण्यासाठी लस आहे, आणि लस न घेतलेल्यांना इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) शक्यतो २४ तासांत द्यावे लागते. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची असतात. ‘काही करायला नको’ या सल्ल्याने नेमके हेच तास वाया जातात.

निष्काळजीपणाचा आरोप मला सर्वांत अन्यायकारक वाटतो. कचऱ्याची पिशवी उचलताना ज्या सफाई कामगाराच्या तळहातात सुई घुसते, त्याने ती सुई कधी हातात धरलेलीच नसते. ती कोणीतरी साध्या पिशवीत टाकलेली असते, किंवा सुयांचा डबा काठोकाठ भरूनही बदललेला नसतो. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावण्याची सवयही बहुधा डबा हाताशी नसल्यामुळे लागते. अशा आरोपामुळेच लोक घटना लपवतात, आणि मग त्या वेळी आजार नव्हता हे दाखवणारा, टोचल्याबरोबर घ्यावयाचा रक्ताचा पहिला नमुना राहून जातो, ज्याच्याशिवाय पुढे आढळलेला आजार कामावरच जडला हे त्या कामगाराला सिद्ध करणे फार अवघड होते.