जावई बाळंतिणीच्या खोलीत

पितृत्व रजेचा विषय निघाला की आमच्या काकांचं वाक्य ठरलेलं असतं : "१९७६ साली रोहन जन्मला तेव्हा गावसकर न्यूझीलंडच्या दौऱ्यावर होता. काय बिघडलं?" २०२० च्या डिसेंबरात विराट कोहली ॲडलेडची कसोटी आटोपून बाळासाठी घरी परतला, तेव्हापासून हे वाक्य आम्ही ऐकतोय. यंदा निमित्त माझ्या मावसबहिणीचं. ती पुण्यात असते. डोहाळजेवण झालं, आता साताऱ्याला माहेरी जायची तयारी चालू आहे. नवऱ्याला कंपनीने पाच दिवसांची सुट्टी देऊ केलीय. त्यावर मावशीचं म्हणणं, "पाच दिवस येऊन तो करणार काय? पेढे वाटायला एक रविवार पुरे."

मी आम्सटरडॅमला लागून असलेल्या आम्सटेलफेनमध्ये राहते. आमची मुलगी इथेच झाली. त्यामुळे फोनवरच्या या वादात मला "तुमचं तिकडे काय असतं गं?" असं विचारलं जातं, आणि उत्तराचं पहिलं वाक्य संपायच्या आत "तिकडची गोष्टच वेगळी" म्हणून विषय बंदही होतो. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी मावशीची बाजू. ती जे म्हणते तेच २०१६ साली तेव्हाच्या महिला व बालविकास मंत्री मनेका गांधी म्हणाल्या होत्या : पुरुषाला रजा दिली तर ती त्याच्यासाठी नुसती सुट्टी, तो काही करणार नाही. पुढच्या वर्षी मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन आईची रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे झाली. बापाचा त्यात उल्लेख नव्हता. त्याच वर्षी हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं, बापाला पंधरा दिवस आणि वाढवून तीन महिन्यांपर्यंत रजा द्या म्हणून. ते मंजूर झालं नाही. केंद्र सरकारच्या नोकरांना पंधरा दिवस मिळतात, खासगी नोकरीत मात्र कंपनीची मर्जी.

पुरुष काही करणार नाही, हे मावशीचं निरीक्षण खोटं नाही. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक बापांनी पहिल्या महिन्यात खरंच काही केलेलं नाही. पण ते करणार कधी? पहिलं बाळंतपण माहेरी. बाळंतिणीच्या खोलीत आई, आजी, मालिशवाली, जमलं तर एखादी मामी. जावई शनिवारी येतो, पाहुण्यासारखा चहा घेतो, बाळ दुपट्यात गुंडाळून त्याच्या मांडीवर ठेवलं जातं. ते रडलं की चार हात पुढे येतात आणि ते उचलून नेतात. सव्वा महिना, कुठे तीन महिने, कुठे पाच. मग बायको-बाळ घरी येतात तेव्हा बायकोला ढेकर काढणं, लंगोट बदलणं, कुठलं रडणं भुकेचं हे सगळं येत असतं, आणि त्याला काहीच नाही. दोघांत तेव्हा पडलेलं अंतर पुढे मूल शाळेत गेलं तरी भरत नाही. नंतर आपणच म्हणतो, पुरुषांना यातलं कळत नाही.

माहेरची व्यवस्था वाईट आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. बाळंतिणीला ती जे देते ते नेदरलंड्समध्ये कुणीही देत नाही. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, जेवणानंतर बाळंतशोपा, अंगाला तेल, शेक, आणि मुख्य म्हणजे झोप. इथे बाळंतिणीच्या पुढ्यात दुपारी थंड ब्रेड आणि चीज येतं. बाळ झालं म्हणून भेटायला येणाऱ्यांना कडक टोस्टवर लोणी लावून त्यावर साखरेत घोळवलेली बडीशेपेसारखी दाणेदार गोळी पसरून देतात. मुलगी असेल तर गुलाबी-पांढरी, मुलगा असेल तर निळी-पांढरी. दाण्याच्या आत ॲनिस असतं, दूध वाढतं म्हणे. बाळंतशोपेचीच चुलत बहीण. पण चुलत बहिणीने पोट भरत नाही.

इथे जे आहे त्याचं नाव क्रामझोर्ख. बाळंतपणानंतर साधारण आठ दिवस प्रशिक्षित बाई रोज घरी येते. तास गरजेप्रमाणे ठरतात, कमीत कमी २४ आणि जास्तीत जास्त ८०, बहुतेकांना पन्नाशीच्या आत-बाहेर. खर्च सक्तीच्या आरोग्य विम्यातून जातो, आपल्याला ताशी पाचेक युरो भरावे लागतात. गरोदरपणाचे पहिले तीन महिने संपताहेत तोवर नाव नोंदवून टाकायचं. मग यादी येते : थर्मामीटर इतके, बादल्या दोन, गरम पाण्याच्या पत्र्याच्या बाटल्या, आणि पलंगाची उंची ऐंशी सेंटिमीटर. ही शेवटची अट आईला पटेना. बाळंतिणीला इतक्या उंचावर चढवायचं? पण ती सोय बाळंतिणीसाठी नाहीच, काम करणाऱ्या बाईची कंबर मोडू नये म्हणून आहे. आपल्याकडे बाजेखाली शेगडी ठेवतात, आम्ही पलंगाखाली भाड्याचे ठोकळे लावले. मालिशवालीच्या कंबरेचा विचार आपल्याकडे कुणी कायद्यात घालेल, अशी कल्पना मला अजून करता येत नाही.

ही बाई सकाळी येते, बाळंतिणीचं तापमान, टाके, गर्भाशय किती खाली उतरलं ते बघते. बाळाचं वजन, शी-शूचे लंगोट, अंगाचा पिवळेपणा सगळं एका वहीत लिहिते. संडास-बाथरूम स्वच्छ करते, कपडे मशीनला लावते, पाहुण्यांना चहा देते आणि वेळ झाली की सरळ उठवतेही. पण तिचं खरं काम शिकवण्याचं. अंघोळ एकदा तिने दाखवली, पुढच्या वेळी माझ्या नवऱ्याला घालायला लावली आणि स्वतः हात मागे बांधून उभी राहिली. त्याचे हात थरथरत होते. मी पलंगावरून "अहो, मान धरा" ओरडले तर तिने मलाच गप्प केलं. वही लिहायचं कामही दोन दिवसांत त्याच्याकडे गेलं. रात्री ती नसते. रात्रीचं सगळं त्या वहीतल्या नोंदींवरून सकाळी तपासलं जातं, आणि उत्तर तिला त्याने द्यायचं.

हे जमलं कारण तो घरी होता. इथे जोडीदाराला पहिला एक आठवडा पूर्ण पगारी आणि १ जुलै २०२० पासून त्याशिवाय पहिल्या सहा महिन्यांत आणखी पाच आठवड्यांपर्यंत सत्तर टक्के पगारावर रजा मिळते. नगरपालिकेत जन्मनोंद तीन दिवसांत करावी लागते, नावासकट, आणि बाळंतीण पलंगावर असल्याने ती बहुधा बापच करतो. त्यामुळे बारशाला आत्याने कानात कुर्र केलं तेव्हा नाव सरकारदरबारी केव्हाच लागलेलं होतं. नणंदेने याबद्दल मला अजून माफ केलेलं नाही. भारतात नोंदणीला २१ दिवस असतात आणि नाव नंतरही घालता येतं; या बाबतीत आपला कायदा जास्त शहाणा आहे.

आईचे आणि त्या बाईचे व्हिडिओ कॉलवर खटकेही उडाले. मुख्य मुद्दा टोपीचा. आई साताऱ्याहून म्हणायची, टाळू उघडी ठेवू नका, कुंची घाला. ही म्हणायची, घरात टोपी नाही, बाळ डोक्यावाटेच उष्णता टाकतं. पाठीवर झोपवायचं, उशी नाही, पांघरूण पायाकडे घट्ट खोचलेलं, मध वर्षभर चाटवायचा नाही. यात मी त्या बाईच्या बाजूने, आणि आईला तसं सांगितलंही. तेलाच्या बाबतीत ती हळुवार हाताला हो म्हणाली, टाळू दाबून भरायला नाही. धुरी तर धुराची सूचना देणाऱ्या यंत्रानेच रद्द केली.

आता तिकडची गोष्ट. आठवा दिवस संपतो, बाई वही देऊन निघून जाते आणि घर एकदम सुनं होतं. शेजारीण दाराशी कार्ड ठेवते, आत येत नाही. आईला पाहुणा व्हिसावर नव्वदच दिवस राहता येतं, म्हणून ती बाळंतपणाआधी यावी की नंतर, यावर घरात आकडेमोड होते. इथल्या आईची रजा सोळा आठवडे, त्यातले चार ते सहा बाळंतपणाच्या आधी घ्यायचे. म्हणजे तीनेक महिन्यांचं मूल पाळणाघरात, तेही प्रतीक्षायादीत नंबर लागला तर, ताशी दहा युरोंच्या वर मोजून. याला तोड म्हणून इथल्या बऱ्याच बायका आठवड्यातले तीन-चार दिवसच नोकरी करतात. अर्धवेळ काम करणाऱ्या बायकांचं प्रमाण सगळ्या युरोपीय संघात इथे सर्वांत जास्त आहे. बापाला अंघोळ शिकवून सगळं सुटत नाही, हे इथे राहून रोज दिसतं. आपले २६ आठवडे मला इथल्या सोळांपेक्षा कितीतरी बरे वाटतात. क्रामझोर्खलाही आता माणसं कमी पडतात आणि तास काटून मिळतात.

तरी "तिकडची गोष्टच वेगळी" हे मला मान्य नाही, कारण घरी येऊन शिकवणाऱ्या बाईची कल्पना आपल्याला परदेशातून आणायची गरजच नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. वजन, तापमान, स्तनपान, जंतुसंसर्ग ओळखणं. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आलं आणि १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने तो अभ्यास छापला. पुढे तीच पद्धत देशभर आशाताईंच्या कामात आली. दवाखान्यात बाळंतपण झालं तर त्यांनी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं; या सगळ्या भेटींचे मिळून त्यांना अडीचशे रुपये. माझ्या इथल्या विम्याने त्या बाईच्या काही तासांसाठी जेवढे मोजले, त्यात साताऱ्यातल्या कितीतरी बाळांच्या सगळ्या भेटी झाल्या असत्या. आणि हे सगळं प्रामुख्याने खेड्यांत. पुण्यात बाणेरच्या अठराव्या मजल्यावर आशाताई पोहोचत नाही. तिथे महिन्याच्या पगारावर मालिशवाली येते, बाळाला बेदम रगडते आणि बापाला खोलीबाहेर काढते.

पैसा कोण देणार, हा काकांचा दुसरा प्रश्न. तो रास्त आहे. इथे आईची रजा आणि बापाचे ते पाच आठवडे सरकारी विमा संस्था देते, एकट्या मालकाच्या खिशातून जात नाहीत. भारतात महिना एकवीस हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांना कर्मचारी राज्य विम्यातून मातृत्वाचा लाभ मिळतो, त्याच्या वरच्यांचे २६ आठवडे मालकाने सोसायचे. म्हणून तर मुलाखतीत "लग्न कधी झालं?" विचारतात. बापाची रजा त्याच पद्धतीने आली तर ती कागदावरच राहील. विम्याचा हप्ता सगळ्यांनी भरावा, मुलं असोत-नसोत, बाई असो-बुवा. मग मुलाखतीत नव्या नवरदेवालाही तोच प्रश्न विचारला जाण्याची भीती थोडी कमी.

राहिली मावसबहीण. तिने साताऱ्याला जावं, मी तिला तेच सांगितलं. पण पाच दिवस मिळताहेत ते दवाखान्यात आणि पेढ्यांत घालवू नकोस म्हटलं. घरी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून त्याला बोलाव, आणि रात्री बाळ तुमच्या दोघांच्या खोलीत ठेव. तिला पटलं. मावशीने फोन ओढून घेतला. "जावयाला माझ्या घरात लंगोट धुवायला लावायचे? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, मावशी, तू दारात उभी राहा आणि चुकलं तर सांग. ती म्हणाली बघू, आणि त्याला तिखट चालतं का ते विचारलं.