फाट्यावरचा सौरदिवा आणि आषाढाचा हिशेब

वादाला निमित्त झाले ते एका कोटेशनचे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर–जांबोटी रस्त्यावरच्या एका फाट्यावर, जिथे डांबरी रस्त्याला लागून नुसते शेड उभे आहे आणि गाव तिथून चांगले दीड-दोन किलोमीटर आत आहे, सौरदिवा बसवावा असा विचार पंचायतीत चालला आहे. आमच्या कट्ट्यावर रोज येणाऱ्या पंचायत सदस्यांनी पुरवठादाराचा तो कागद सोबत आणला होता. साठ वॅटचा दिवा, चाळीस वॅटचे पॅनेल आणि रात्रभर लख्ख उजेड, असे त्यावर ठळक अक्षरांत छापलेले होते. वायरमनमामांनी तो वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "एवढं ऊन कुठल्या पंचांगात लिहिलंय ते तेवढं विचारा त्यांना."

मामांचे गणित सरळ होते. मार्चमधल्या स्वच्छ दिवशी साडेपाच तासांच्या भर उन्हाइतकी ऊर्जा मिळते असे धरले, तरी उष्णता, धूळ, केबल आणि बॅटरी यांतली गळती वजा जाता चाळीस वॅटच्या पॅनेलमधून दीडशे वॅट-तासांच्या आसपासच वीज हाती लागते, आणि साठ वॅटचा दिवा ती अडीच तासांत संपवतो. तेव्हा एक तर दिवा साठ वॅटचा नाही किंवा तो रात्रभर जळत नाही. मला विचाराल तर बाजारातल्या अशा पॅनेलसकट मिळणाऱ्या तयार दिव्यांवरचे वॅटचे आकडे पहिल्याच प्रकारात मोडतात.

सदस्य थोडे हिरमुसले. त्यावर कंडक्टरकाकांनी वेगळाच मुद्दा काढला. इतकी वर्षे कणकुंबीच्या बाजूने रात्रीची गाडी आणलेल्या माणसाला साठ वॅट मुळात नकोच होते. झडीच्या पावसात उंच खांबावरचा प्रखर दिवा समोरच्या ओल्या काचेवर असा पसरतो की त्याच्याखाली उभी असलेली माणसे ड्रायव्हरला दिसतच नाहीत, आणि गाडी पुढे गेल्यावर शिव्या मात्र कंडक्टर खातो. दिवा शेडच्या छताखाली, खाली तोंड करून असावा. उजेड बाकावर, पायरीवर आणि गावाच्या नावाच्या फलकावर पडावा, एवढेच त्यांचे मागणे होते. (फलक कोणत्या भाषेत, हा विषय निघता निघता मास्तरांनी हात वर केला, कारण तो निघाला की आमच्या कट्ट्यावर त्या दिवशी दुसरे काही होत नाही.) छताखाली दहा वॅटचा एलईडी म्हणजे साधारण हजार ल्युमेन (उजेडाचे माप), आणि तेवढ्या शेडला तो भरपूर होतो. केंद्र सरकारच्या २०१६ च्या अटल ज्योती योजनेतही सुरुवातीला सात वॅटचेच दिवे होते, याची आठवण मास्तरांनी करून दिली.

मास्तरांची लेक बेळगावला कॉलेजात आहे आणि संध्याकाळी त्याच रस्त्यावरच्या एका फाट्यावर उतरते. किल्ली न्यायला आलेली ती मुलगी दोन मिनिटे थांबली आणि म्हणाली, "काका, लख्ख उजेडात मी सगळ्यांना दिसते, पण बाहेर कोण उभं आहे ते मला दिसत नाही." ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटक राज्यातल्या महिलांना साध्या सरकारी बसने मोफत प्रवास करता येतो, त्यामुळे अशा शेडमध्ये कोण थांबणार आहे याचा विचार अगोदर व्हायला हवा, आणि तो कोटेशनमध्ये कुठेच नव्हता. शेडमधला दिवा मंद ठेवून गावाकडे वळणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी आणखी एक छोटा दिवा द्यावा, हे तिचे म्हणणे सगळ्यांना पटले. दिवा पिवळसर असावा ही भर मामांची, कारण पहिल्या पावसानंतर वाळवीची पाखरे पांढऱ्या उजेडावर अशी तुटून पडतात की माणसे शेड सोडून पावसात उभी राहतात.

खरी जुंपली ती पावसाळ्यावरून. मामांचा आग्रह असा की आपल्या भागातला दिवा मार्चच्या नव्हे, आषाढाच्या हिशेबाने घ्यावा. सातपासून दहापर्यंत पूर्ण दहा वॅट, मग पहाटे पाचपर्यंत तीन वॅट, आणि पहिल्या गाडीसाठी पुन्हा तासभर पूर्ण, असे धरले तर एका रात्रीला साठ वॅट-तास लागतात. सलग तीन दिवस ऊन पडले नाही तरी दिवा विझू नये, म्हणून एकशे ऐंशी. आणि बॅटरी पूर्ण उपसायची नसल्यामुळे १२.८ व्होल्ट, २० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. पावसाळी दिवसात दोन तासांचेच भर ऊन मिळते असे धरले तर पन्नास वॅटचे पॅनेल जेमतेम पुरते, शिवाय उघडीप मिळताच मागची तूट भरून काढायची, म्हणून पंचाहत्तर ते ऐंशी वॅट. थोडक्यात, दिवा सहापटीने लहान आणि पॅनेल दुप्पट. रस्त्याच्या तोंडाशी द्यायच्या दिव्याचा हिशेब वेगळा, तोही याच रीतीने.

पॅनेल दक्षिणेकडे किती कलते ठेवायचे यावर मास्तरांनी भूगोल काढला. आपले अक्षांश सोळाच्या जरा आत असल्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेलाच असतो, त्यामुळे पावसाळ्यात दक्षिणेच्या कलाचा फायदा नाही. तरीही पंधरा अंशांचा कल हवा, कारण सपाट पॅनेलवर पाणी साचून शेवाळ धरते आणि डिसेंबरची लांब रात्र त्या कलावरच निभते. फाट्यावरच्या वडाचे काय, हा प्रश्न मात्र अवघड होता. पॅनेलमधले सेल एकामागून एक जोडलेले असल्यामुळे एका फांदीची सावली कोपऱ्यावर पडली तरी वीज त्या कोपऱ्यापेक्षा कितीतरी जास्त घटते. वड तोडायचा नाही, यावर एकमत झाले. पॅनेलचा खांब वीस मीटर दूर मोकळ्या जागेत उभारून चार चौरस मिलिमीटरची केबल जमिनीखालून आणावी, असे मामांनी सुचवले.

एवढे झाल्यावर सदस्यांनी विचारले, "मग मेन लाईनच का घेऊ नये?" गंमत म्हणजे मामा त्याच बाजूचे निघाले. जिथे विजेचा खांब शेडपासून वीस फुटांवर आहे तिथे सौरदिवा लावणे त्यांच्या मते शुद्ध हौस आहे. दहा वॅटचा दिवा रोज बारा तास जळला तरी महिन्याला साडेतीन-चार युनिटच पडतात. कंडक्टरकाकांनी लगेच अडवले, कारण वादळात फांदी तारेवर पडते तीच रात्र गाडीला उशीर होण्याची असते. त्यावर तोडगा असा निघाला की गावातल्या थांब्यांना मेन लाईन आणि पोटात छोटी बॅटरी असलेला दिवा द्यावा, आणि सौरदिवा फक्त लांबच्या फाट्यांसाठी राखावा. मलाही हेच रास्त वाटते. प्रत्येक शेडवर पॅनेल लावले तर देखभालीचा पैसा आणि माणूस दोन्ही विरळ होतात.

देखभालीचे काय होते ते मामांनी दुसऱ्या एका फाट्यावर पाहिले होते. तिथल्या बंद दिव्याची पेटी उघडली तेव्हा झाकणाच्या आत गांधीलमाशांचे पोळे होते, जुन्या पद्धतीच्या, पाणी घालाव्या लागणाऱ्या बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-निळी बुरशीसारखी पूड चढली होती, आणि पाणी प्लेटांच्या खाली गेले होते. पॅनेल उत्तम होते. बाटलीभर डिस्टिल्ड वॉटर वेळच्या वेळी घातले असते तर ती बॅटरी आणखी काही वर्षे चालली असती, पण फाटा दोन गावांच्या मधला, आणि पेटीची जबाबदारी नेमकी कुणाकडे हे कागदावर कुठेच नव्हते. मास्तरांनी सेल्कोचे उदाहरण दिले: हरीश हांडे यांनी १९९५ मध्ये कर्नाटकात सुरू केलेल्या या कंपनीने खेडोपाडी सौरदिवे रुजवले ते जवळपास दुरुस्ती केंद्रे ठेवून. त्यामुळे आमच्या पीडीओंकडे (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे) जाणाऱ्या अर्जात पाच वर्षांची देखभाल आणि बॅटरी बदलण्याचा खर्च कंत्राटातच असावा, ही अट सदस्यांनी तिथेच लिहून घेतली.

पेटीची किल्ली फाट्यावरच्या चहावाल्याकडे द्यावी आणि बदल्यात त्याला मोबाईल चार्जिंगचा एक पॉइंट द्यावा, ही कल्पना कंडक्टरकाकांची. मामांनी पुन्हा आकडेमोड केली: एक मोबाईल पूर्ण भरायला गळतीसह वीस-पंचवीस वॅट-तास जातात, म्हणजे तीन मोबाईल भरले की शेडची रात्र संपली. शेवटी पॉइंट द्यायचा, पण बॅटरी पूर्ण भरल्यानंतरच तो आपोआप चालू होईल अशी जोडणी करायची, असे ठरले. "मग पावसाळ्यात चहावाला किल्ली परत आणून देईल," असे काकांचे म्हणणे आहे, आणि त्यावर मामांकडे अजून उत्तर नाही.