आर्थर यांच्या नावावर दारूबंदी कशाला?

'टेन नाइट्स इन अ बार-रूम' या कादंबरीने अमेरिकेत दारूबंदी आणली आणि तिचा लेखक टिमथी शे आर्थर हा दारुड्यांवर दात खाणारा, जन्मात एकच पुस्तक लिहिलेला उपदेशक होता, असा मजकूर सध्या हातोहात फिरतोय.

आधी सनावळी बघा. कादंबरी १८५४ची. आर्थर वारले १८८५मध्ये. देशभर दारूबंदी लागू झाली १९२०मध्ये! उलट मेन राज्याने कादंबरीच्या तीन वर्षं आधीच दारूविक्रीवर कायद्याने बंदी घातली होती.

'एकच पुस्तक' हे तर थापच. शिंप्याकडे उमेदवारी केलेल्या, अधू नजरेच्या या माणसाची पुस्तकं शंभराच्या वर भरतात. विषय कर्जबाजारीपणा, संसार, घटस्फोट. शिवाय १८५२पासून स्वतःचं मासिक. लिहायचे पाल्हाळिक, हे कबूल.

राहिला दारुड्यांचा द्वेष. १८४०मध्ये बाल्टिमोरच्या एका गुत्त्यात सहा पिणाऱ्यांनीच दारू सोडण्याची शपथ घेतली आणि वॉशिंग्टोनियन चळवळ सुरू झाली. कायद्याची भाषा नाही. पिणाऱ्याने पिणाऱ्याला सावरायचं, बस. आर्थर त्या सभांना जाऊन बसले, तिथल्या कहाण्यांवर लिहिलं. ती नजर पुढे कादंबरीतही दिसते. जो मॉर्गन अट्टल दारुडा. त्याला घरी न्यायला त्याची लहानगी मेरी गुत्त्यावर येते आणि बापावर भिरकावलेला पेला तिच्या कपाळावर बसतो. फेकणारा कोण? गुत्त्याचा मालक सायमन स्लेड, एके काळचा पिठाच्या गिरणीवाला. मुलगी दगावते, पण मॉर्गन दारू सोडून माणसात येतो. (गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तला आपला सुधाकर कुठे सुटला?) स्लेडचा अंत मात्र स्वतःच्या मुलाच्या हातून होतो. लेखकाचा राग कुणावर आहे, हे आणखी कसं सांगायचं?

त्याच मजकुरात बापाला घरी बोलावणाऱ्या मुलीचं गाणंही 'आर्थर यांच्या कादंबरीतलं' म्हणून दिलंय. ते हेन्री क्ले वर्क यांचं, १८६४चं. कादंबरीवर विल्यम प्रॅट यांनी नाटक केलं होतं. गाणं पुढे त्या नाटकाला चिकटलं. पुस्तक न वाचता नाटकावरून बोललं की असं होतं.

एक मात्र खरं: कादंबरीच्या शेवटी गावकरी सभा घेऊन गावातली दारूविक्री बंद करतात. १८५४पर्यंत आर्थर यांचा नुसत्या शपथेवरचा भरवसा उडाला होता, असं त्यावरून म्हणता येईल. पण तो निर्णय सीडरव्हिल नावाच्या एका काल्पनिक गावाचा.